वस्तादांच्या हाती शांत, शिकणारीच्या हाती सुसाट: एका घोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घोडी सात वर्षांची, उंची साधारण 147 सेंटिमीटर, वजन 400 किलोच्या आसपास. आधीच्या मालकांनी तिला बहुतेक सरळ रस्त्यावर पळवण्यासाठीच वापरलं होतं. थांबणं, वळणं, उभं राहणं यांपैकी काहीच तिला नीट शिकवलेलं नव्हतं. जे येत होतं ते तिचं तिनेच काढलेलं होतं.

शिकणारीला चार वर्षांच्या स्वारीचा अनुभव, पण सगळा स्वारी-शाळेतल्या घोड्यांवरचा. असे घोडे स्वाराच्या चुका पोटात घालतात. लगाम उशिरा सुटला, टाच चुकीच्या वेळी लागली, तरी त्यांना ठरलेलं काम ठाऊक असतं आणि ते तेच करतात. त्यामुळे आपण सांगितलं म्हणून घोडा वळला, असा स्वाराचा समज होतो. हा समज मोडेपर्यंत पुढचं शिक्षण सुरू होत नाही.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे. उमर सगळी शिंगरं आणि खोडील जनावरं हाताळण्यात गेलेली. करून दाखवतात, सांगत नाहीत. विचारलं तर एखादं वाक्य टाकतात: ‘घोडं ऐकतं, आपण बोलत नाही.’ वाक्य खरं आहे, पण त्यावरून दोर कधी ढिला करायचा ते कळत नाही.

ठरलं ते असं: आठवड्यातून तीन दिवस वस्ताद येतील, घोडीवर काम करतील आणि शिकणारी बघत बघत शिकेल.

अडचण

घोडीच्या चार तक्रारी होत्या. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकून चावायला येणं. रिकिबीत पाय ठेवला की चालायला लागणं. दुडकीतून कँटरमध्ये, म्हणजे उड्यांच्या संथ दौडीत, जाताना डोकं वर फेकून लगाम ओढत सुटणं. आणि तोंड घराकडे वळलं की वेग आवरता न येणं.

पहिल्या आठवड्यात वस्तादांनी तिला काव्यावर धरलं, म्हणजे लांब दोरावर आपल्याभोवती गोल फिरवलं, नंतर स्वारी केली. चौथ्या दिवशी घोडी त्यांच्याखाली ढिल्या लगामावर कँटर करत होती. त्याच दिवशी, त्याच रिंगणात, शिकणारी वर बसली आणि अर्ध्या फेरीत डोकं वर, पाठ खाली, दोन्ही लगाम ताठ. पुढच्या दोन आठवड्यांत हेच पुन्हा पुन्हा घडलं. उलट, वस्ताद उतरल्यावर शिकणारी बसते हे ओळखून घोडी त्या बदलाच्या क्षणीच अस्वस्थ होऊ लागली.

म्हणजे घोडी शिकण्याजोगी होती आणि वस्तादांची पद्धत तिला लागू पडत होती. अडत होतं ते ती पद्धत दुसऱ्या माणसाच्या हातात उतरण्यापाशी. ‘घोडा सुधारला का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘कोणाखाली?’ असं विचारूनच द्यावं लागतं.

पहिला निर्णय: खोड की दुखणं?

तंग आवळताना चावण्याला वस्तादांनी खोड म्हटलं आणि कोपर आडवं धरून तिला स्वतःच्या कोपरावर आपटू दिलं. चावणं थांबलं. कान मागेच राहिले. शिकणारीने इथे अडून पशुवैद्यांना बोलावलं. या प्रकरणातला हा सर्वांत फायद्याचा निर्णय ठरला.

तपासणीत तीन गोष्टी सापडल्या. वरच्या जबड्यात डाव्या बाजूला दाढांच्या पुढे उगवणारा लहान निरुपयोगी दात होता आणि तोंडातली कडी मागे सरकली की त्यावर आदळत होती. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा धारदार झाल्या होत्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्यांच्या आतल्या कडा झिजत नाहीत, सुरीसारख्या होतात. लगाम ओढल्यावर गाल त्या कडांवर दाबला जातो आणि डोकं वर फेकल्याने घोड्याला तेवढ्यापुरती सुटका मिळते.

दुसरं, खोगीर अरुंद होतं. काम झाल्यावर ते उतरवून पाहिलं तर सगळ्या पाठीवर घाम आणि मान संपते तिथल्या पाठीच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे ठिपके. घामाच्या जागेतला असा कोरडा ठिपका बहुतेक वेळा दाबाचा असतो. उंचवटा आणि खोगीर यांत स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटं जायला हवीत. इथे एक बोट कसंबसं जात होतं.

तिसरं खाण्याचं. दाणा दिवसाला सहा किलो, दोन वेळांत. सुका चारा मात्र दोनदाच, मधे नऊ-दहा तास रिकामे. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाताना आणि न खाताना. रिकाम्या पोटी ते जठराच्या वरच्या अस्तराला लागतं आणि अशी घोडी तंगाला हात लागला की चिडते. दुर्बिणीने तपासणी झाली नाही, त्यामुळे व्रण होतेच असं म्हणता येत नाही. दाणा हळूहळू दोन किलोवर आणला, चारा सात-आठ किलो करून चार वेळांत वाटला आणि स्वारीपूर्वी थोडा चारा खायला घालण्याची सवय लावली.

दात काढला, कडा घासल्या, खोगीर बदललं. तीन आठवडे तोंडात कडी घातली नाही. तंगाची तक्रार महिन्याभरात जवळजवळ गेली. कँटरमधली ओढ मात्र कमी झाली तरी उरली. दुखणं गेलं तरी दुखण्यातून लागलेली सवय शरीरात राहते, आणि ती वेगळी काढावी लागते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय लांब दांड्यांच्या कडियाळ्याचा. आजूबाजूच्या बहुतेकांनी हाच सुचवला. दांडी असलेल्या कडीत स्वाराच्या हाताचा जोर तरफेने वाढतो आणि तो जबडा, हनुवटीखालची साखळी आणि डोक्यामागचा पट्टा यांवर एकदम पडतो. तयार घोडा आणि तयार हात असतील तर ते बारीक इशाऱ्याचं साधन आहे. उशिरा सुटणाऱ्या हातात ते दिलं तर शिक्षा वाढते, समज वाढत नाही. वस्तादांनीच हा पर्याय फेटाळला.

दुसरा, घोडी दोन महिने वस्तादांकडे ठेवून ‘तयार’ झाल्यावर परत आणायची. सोपा आणि लोकप्रिय मार्ग. पण तीन आठवड्यांचा अनुभव समोरच होता: वस्तादांची तयारी शिकणारीच्या हातात अर्धी फेरीही टिकत नव्हती.

तिसरा, घोडी विकून शांत जनावर घेणं. हा पर्याय लाजेचा नाही. भित्रा स्वार आणि तापट घोडा ही जोडी धोक्याची असते. इथे शिकणारी भित्री नव्हती आणि घोडी लाथ मारणारी किंवा मागच्या पायांवर उभी होणारी नव्हती, म्हणून तो बाजूला ठेवला.

चौथा, वस्तादांनी स्वारी कमी करून शिकणारीच्या हातांवर काम करायचं आणि दोघींना जमिनीपासून शिकवायचं. हा निवडला. वस्तादांना हे मनापासून रुचलं नव्हतं. घोडा शिकवणं त्यांचं काम, माणूस शिकवणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. कडीशिवायच्या तीन आठवड्यांमुळे ते राजी झाले, कारण तोपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

प्रत्यक्ष काम: दोर आणि वेळ

साधनं थोडी: म्होरकी, साडेतीन मीटरचा जाड सुती दोर, 18 मीटर व्यासाचं रिंगण. पहिली तीन कामं अशी होती: दोन पावलं मागे घेणं, मागचा भाग बाजूला सरकवणं, पुढचा भाग सरकवणं. घोड्याला वळवणं आणि थांबवणं ही पुढची सगळी कामं यातूनच उभी राहतात.

मागे घेण्याची रीत: घोडीच्या तोंडासमोर पण किंचित बाजूला उभं राहायचं, कारण कपाळाच्या अगदी पुढची जागा तिला दिसत नाही. आधी नुसतं अंग ताठ करून तिच्या छातीकडे बघायचं. दोन श्वासांत काही झालं नाही तर दोर हलकेच हलवायचा. तरी नाही तर दोर मागे दाबायचा आणि तो दाब हळूहळू वाढवायचा. तिने वजन मागे टाकलं की त्याच क्षणी सगळं सोडायचं. पाय उचलण्याचीही वाट पाहायची नाही.

शिकणारीची चूक इथेच होती. ती पाय उचलून मागे टेकेपर्यंत दाब धरून ठेवत असे. फरक जेमतेम एका सेकंदाचा. पण घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो, आणि सुटण्याच्या क्षणी जे चाललं असेल तेच बरोबर समजतो. पाय टेकल्यावर घोडी वजन पुन्हा पुढे आणून दोरावर रेलायला लागायची आणि नेमका तेव्हाच दोर सुटायचा. म्हणजे शिकणारी तिला रोज, मोठ्या चिकाटीने, रेलायला शिकवत होती. कँटरमधली ओढ याच धड्याचा मोठा अवतार होती.

हे सांगून समजेना, तेव्हा वस्तादांनी घोडी बांधून ठेवली. लगामाची एक बाजू स्वतःच्या मुठीत धरली, दुसरी शिकणारीच्या हातात दिली आणि तिला डोळे मिटायला सांगितले. ‘मी घोडं आहे. मला थांबव.’ ती ओढायची, ते रेलायचे. ते किंचित मऊ झाले की तिने सोडायचं. सुरुवातीला ते मऊ झाल्याचं तिला कळतच नव्हतं. मग भूमिका बदलल्या: तिने घोडा व्हायचं. त्यांच्या हातातला दाब कधी आला ते कळायचं, गेला ते मात्र आपण मऊ होण्याआधीच गेल्यासारखं वाटायचं. रोज दहा मिनिटं हा एकच खेळ दोन आठवडे चालला. आमच्या मते या संपूर्ण प्रकरणात हातांना सर्वांत जास्त शिकवलं ते याने, आणि यासाठी घोडा लागत नाही.

याच काळात शिकणारीला प्रश्न विचारण्याची रीत सापडली. ‘असं का केलंत?’ विचारलं की वस्तादांकडून म्हण यायची. ‘आत्ता कधी सोडलंत?’ विचारलं की नेमकं उत्तर यायचं: ‘उजवा कान माझ्याकडे आला तेव्हा.’ ‘खालचा ओठ सुटला तेव्हा.’ ती वहीत फक्त ‘केव्हा’ची उत्तरं लिहू लागली. जुन्या हातांकडे कारणं नसतात असं नाही, पण त्यांचं ज्ञान क्षणांच्या रूपात साठलेलं असतं आणि त्याच रूपात मागावं लागतं.

त्यांचं सगळंच जसंच्या तसं लिहून घेण्यासारखं नव्हतं. घोडं जीभ फिरवून चघळलं की ‘समजलं’ असं ते म्हणत. चघळणं बहुतेक ताण उतरू लागल्याचं लक्षण असतं. धडा समजला की नाही ते पुढच्या वेळी कमी दाबात काम झालं का, यावरूनच कळतं.

पाय ओळखणं

घोडी पाठीवर स्वार घेऊन चालू लागल्यावर शिकणारीच्या हातातून लगाम काढून घेतला गेला. दोर वस्तादांकडे. तिचं काम एकच: समोर बघत, डावा मागचा पाय उचलला की ‘आता’ म्हणायचं. तो पाय पुढे येताना घोडीचं पोट उजवीकडे झुलतं आणि स्वाराचा डावा कुल्हा खाली जातो. चालीत पाय डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा या क्रमाने पडतात, त्यामुळे ठोके चार आणि ओळखायला वेळ भरपूर. दुडकीत तिरप्या जोड्या एकदम पडतात, म्हणून शिकायला सुरुवात चालीतच करायची.

उपयोग असा की पाय हवेत जाण्याच्या बेतात असतानाच तो बाजूला टाकायला सांगता येतो. जमिनीवर रोवलेल्या पायावर वजन असतं. त्या क्षणी टाच लावली तर घोड्याला ऐकायचं असूनही ऐकता येत नाही. मग स्वार जोर वाढवतो आणि घोडा टाचेला बधिर होतो. तीन आठवड्यांनी शिकणारीचे दहापैकी आठ ‘आता’ बरोबर येऊ लागले. त्यानंतरच लगाम परत मिळाला.

वर चढताना उभं राहणं

हे लवकर सुटलं. चढायला ओटा घेतला, म्हणजे खोगीर एका बाजूला ओढलं जात नाही. रिकिबीत पाय, दाब, पाय खाली. घोडी हलली तर लगाम न ओढता तिला मागचा भाग सरकवत एक छोटी फेरी द्यायची आणि पुन्हा ओट्यापाशी आणून उभं करायचं. उभी राहिली की मान खाजवून तिथेच सोडून द्यायचं. वर बसल्यावरही लगेच चालायचं नाही, एक मिनिट तसंच बसायचं. सहा दिवसांत काम झालं.

दुसरा निर्णय: जुन्या रीतीला नाही म्हणणं

खूर कापताना घोडी मागचा पाय हिसकावून घ्यायची. वस्तादांनी नेहमीची रीत सुचवली: मागचा पाय दोराने वर बांधायचा आणि ती झगडून थकेपर्यंत थांबायचं. एका दुपारचं काम. त्यांनी असे कितीतरी घोडे ‘गरीब’ केले होते.

यात पडण्याचा, दोराने कातडी सोलली जाण्याचा आणि सांधा मुरगळण्याचा धोका असतो. शिवाय पळून सुटका नाही असं पटल्यावर आलेली स्तब्धता बाहेरून शांततेसारखीच दिसते. डोळ्यावरच्या सुरकुत्या, घट्ट नाकपुड्या, दगडासारखी मान यांवरून फरक ओळखता येतो, पण काम उरकायची घाई असली की कोणी तिकडे बघत नाही.

शिकणारीने नकार देताना पर्यायही मांडला आणि तो वस्तादांच्याच शिकवणीतला होता. जाड मऊ दोराचा फास खुराच्या वर घालायचा, गाठ न मारता टोक हातात धरायचं, पाय उचलायचा आणि तो क्षणभर सैल झाला की खाली ठेवायचा. झटका मारला तर दोराला थोडा वाव देत सोबत जायचं, सोडायचं मात्र सैल झाल्यावरच. वस्ताद पाच मिनिटं गप्प राहिले आणि मग दोर घेऊन आले. नऊ दिवस लागले. पुढच्या खेपेला नालबंदाने चारही खूर एकट्याने कापले.

तापलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियमही शिकणारीने पाळला नाही. घाम गाळलेल्या घोड्याला पाणी लगेच प्यायला दिलं तर अपाय होत नाही, रोखून धरल्याने होतो. यावर वाद घालण्याऐवजी तिने बादली ठेवली आणि विषय वाढवला नाही.

धक्का: मोकळं मैदान

अकराव्या आठवड्यात, रिंगणात सगळं जमतं आहे असं पाहून शिकणारीने वस्ताद नसताना घोडीला मैदानात नेलं आणि कँटर मागितला. दहा-बारा उड्या चांगल्या पडल्या. मग मैदानाचं टोक, घराकडे वळण, आणि घोडी सुटली. शिकणारीने दोन्ही लगाम एकदम ओढले आणि ओढूनच ठेवले. सततच्या ओढीवर घोड्याला रेलायला आधार मिळतो. 58 किलोच्या स्वाराने 400 किलोच्या जनावराशी ही रस्सीखेच जिंकणं शक्य नाही. चढ लागला म्हणून घोडी थांबली. दोघींना इजा झाली नाही.

कारणं उघड होती. कँटरचा सराव फक्त रिंगणात आणि तीन-चार फेऱ्यांपुरता झाला होता, आणि तिथे कुंपणच वेग धरून ठेवत होतं. घोडा एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लावत नाही. शिवाय एका लगामाने मान वळवून थांबवण्याचा सराव चालीत आणि हळू दुडकीत झाला होता, आणि भरधाव घोड्यावर तो वापरायचाही नसतो: पाय अडकून घोडा स्वारासकट कोसळू शकतो. त्या वेगात मोठं वर्तुळ धरून ते लहान करत आणायचं आणि लगाम घे-सोड, घे-सोड करायचा, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

त्यानंतरचा क्रम वस्तादांनी आखला. मैदानात दोन आठवडे फक्त चाल आणि दुडकी, दर वीस-तीस पावलांवर एक बदल. मेहनत घराजवळ, विश्रांती घरापासून लांब: तंग ढिला करणं, उतरणं, चारा, सगळं मैदानाच्या दूरच्या टोकाला. कँटर घराच्या विरुद्ध दिशेने, आधी पाचच उड्या, आणि घोडीने वेग वाढवण्याआधी स्वाराने थांबवायचं.

परिणाम

पाच महिन्यांच्या शेवटी घोडी तंग आवळू देते, ओट्याशी उभी राहते, रिंगणात दोन्ही बाजूंना ढिल्या लगामावर कँटर करते, मैदानात घरापासून दूर जातानाही. घराकडे तोंड असताना कँटरमध्ये अजून दोन-तीनदा घे-सोड करावी लागते. शिकणारीचा डावा हात उजव्यापेक्षा उशिरा सुटतो आणि घोडी डावीकडे थोडी जड आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे दोघांनाही मान्य आहे. वस्ताद आता पंधरवड्यातून एकदा येतात आणि बहुतेक वेळा कुंपणाबाहेरच बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

दात, पाठ आणि खाणं यांची तपासणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. तीन आठवडे दुखऱ्या तोंडावर शिक्षण चाललं आणि त्यातलं बरंचसं नंतर पुसावं लागलं.

शिकणारीने आधी वस्तादांच्या एखाद्या जुन्या, मुरलेल्या घोड्यावर महिनाभर काढला असता तर बरोबर प्रतिसाद कसा लागतो हे तिच्या हाताला कळलं असतं. नवशिका स्वार आणि नवशिका घोडा एकत्र आले की चूक कोणाची हे दोघांनाही कळत नाही. असा घोडा उपलब्ध नव्हता. पण उपलब्ध असेल तिथे हा टप्पा गाळू नये.

वस्तादांची स्वारी दुसऱ्या आठवड्यातच थांबवायला हवी होती. एकाच दिवशी एकाच घोडीला दोन वेगळ्या वेळांचे हात देण्याने तिचा गोंधळ वाढला.

पाय बांधण्यासारख्या रीती मान्य आहेत की नाहीत, हे बोलणं कामाच्या सुरुवातीलाच उरकायला हवं होतं. ऐन वेळी, नालबंद दारात उभा असताना, म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं आणि बहुतेक शिकणारे तिथे गप्प बसतात.

मैदानातला पहिला कँटर वस्ताद समोर असताना, चढाच्या दिशेने आणि वेग आवरण्याची रीत आधी दुडकीत पक्की करून व्हायला हवा होता. त्या दिवशी शिकणारीच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण ती मैदानात जाते आहे हे घरी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आता निघताना ती परतायची वेळ सांगून जाते.